मराठीच्या वहीचे मुखपृष्ठ

जून महिन्यात शाळा उघडल्या आणि वह्यांना खाकी कागदाची वेष्टने चढली, की पहिल्या आठवड्यात एक काम पुष्कळ वर्गांतून घाईने उरकले जाते. शिक्षक वह्यांचा गठ्ठा टेबलावर घेतात व प्रत्येक वहीवर स्वतःच्या वळणदार अक्षरांत मुलाचे नाव, इयत्ता व विषय लिहून देतात. वह्या एकसारख्या दिसतात, तपासणीच्या वेळी शोभतात. परंतु भाषाविषयाचा एक चांगला पाठ त्यामुळे हातचा जातो. मुखपृष्ठावर यावयाचे चार-पाच शब्द मुलाला पुढे अनेक वर्षे लिहावे लागणार असतात. इतर वह्यांचे राहो. निदान मराठीच्या वहीचे मुखपृष्ठ तिसरीपासून पुढील मुलांनी स्वतः आखावे व स्वतः लिहावे.

आरंभ नावापासून करावा. घरी ज्याला ‘बाळ्या’ म्हणतात त्याला आपले पूर्ण नाव ठाऊक असतेच असे नाही; असले तरी ते ऱ्हस्व की दीर्घ, हे ठाऊक नसते. ‘अनिल’ मधील नि ऱ्हस्व आणि ‘सुनील’ मधील नी दीर्घ, हा भेद मुलाने एरवी कोठे शिकावयाचा? प्रत्येक मुलाने आपले नाव प्रथम पाटीवर लिहावे आणि शिक्षकाने ते शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदीशी ताडून पाहावे. हा ताळा केवळ मुलाच्या चुकीसाठी नाही. कित्येकदा चूक रजिस्टरातच असते. प्रवेशाच्या दिवशी गर्दीत ऐकले तसे लिहिले गेलेले असते. तीच चूक पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि मोठेपणी ती दुरुस्त करून घेण्यासाठी पालकांना कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागतात. मूल शाळेत आहे तोवर ती चूक ध्यानात आली, तर मुख्याध्यापकांच्या नजरेस आणून रीतसर दुरुस्तीची वाट धरता येते.

नावाचा क्रम हाही विचाराचा भाग आहे. १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय अभिलेखांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरविला आहे. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलांना तो बंधनकारक नाही; तथापि वहीचे मुखपृष्ठ म्हणजे काही शासकीय अभिलेख नव्हे. एखाद्या मुलीने वहीवर आईचे नाव घातले, तर ते खोडावयास लावू नये, आणि भर वर्गात त्याचे कारणही विचारू नये.

नावानंतर उरलेले शब्द. ‘पूर्ण नाव’ मधील पू दीर्घ आहे; ‘पुर्ण’ असे लिहिलेल्या वह्या थोड्या नाहीत. ‘इयत्ता’ मध्ये त दोनदा येतो. ‘विद्यार्थी’ ह्या शब्दात द ला य जोडला आहे, हे ‘द्य’ च्या आकृतीवरून मुलाला दिसत नाही; ते फळ्यावर फोडून दाखवावे. रफाराचेही तसेच: तो थी वर दिसतो, पण उच्चार थी च्या आधी होतो. सर्वांत गमतीची गोष्ट ‘शुद्धलेखन’ ह्या शब्दाची. द ला ध जोडावयाचा, तेथे ध ला द जोडून ‘शुध्दलेखन’ असे लिहिले जाते, म्हणजे वहीचे नावच अशुद्ध!

आता मांडणी. सामान्यतः मूल डाव्या कडेपासून मोठी अक्षरे काढू लागते आणि उजव्या कडेशी जागा संपली की शेवटची दोन अक्षरे दाटीने कोंबते. अक्षरांसाठी सारखे चौकोन आखून देणे हा यावर उपाय नव्हे, कारण देवनागरीत र अरुंद आणि ख रुंद आहे. रद्दी कागदाची पट्टी कापून तीवर शब्द हव्या त्या आकारात लिहावा. पट्टी शब्दाच्या मध्यावर दुमडावी, वेष्टनाच्या कागदालाही उभी मध्यघडी द्यावी आणि घडीवर घडी ठेवून शब्दाचा आरंभ व शेवट कोठे येतो त्याच्या खुणा कराव्यात.

देवनागरी अक्षर शीर्षरेषेला टांगलेले असते. म्हणून शीर्षरेषेची जागा प्रथम ठरवावी. अक्षराची उंची २ सें.मी. धरल्यास रेषेच्या वर १ सें.मी. वेलांटी, मात्रा व रफार यांसाठी आणि अक्षराच्या खाली १ सें.मी. उकारासाठी मोकळे सोडावे. मात्र ही रेषा पेन्सिलीने पुसट आखावी. पट्टी धरून शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाईची रेघ ओढण्याची मुलांना फार हौस असते. तशी ओढली की ध चा घ होतो आणि भ चा म. ‘भारती’ ची ‘मारती’ होते व ‘धनाजी’ चा ‘घनाजी’. ध आणि भ यांची शीर्षरेषा खंडित असते, ही गोष्ट शंभर वेळा सांगून जितकी ठसत नाही, तितकी अशा एका फजितीने ठसते. ल व श यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी आहेत. मुलांसमोर पाठ्यपुस्तकातील वळण ठेवावे.

चित्राला बंदी असू नये, पण त्याची पाळी अक्षरांनंतरची. वेलबुट्टीची चौकट आधी रंगविली की नाव कोपऱ्यात जाते. बाजारातील छापील नावपट्ट्या आणण्याची सक्ती मुळीच करू नये. ज्या घरी खाकी कागदही जड जातो, तेथे दुकानदाराने दिलेल्या जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू चांगली उपयोगी पडते. तो कागद जाडही असतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना एवढे सारे झेपणार नाही. त्यांनी केवळ स्वतःचे पहिले नाव लिहावे, बाकीचे शिक्षकांनी लिहावे. अक्षर वाकडे आले तरी त्यावर शिक्षकांनी पुन्हा गिरवू नये. दिवाळीच्या सुमारास ती वही भरते आणि दुसरी घ्यावी लागते, तेव्हा जुने मुखपृष्ठ शेजारी ठेवून मुलाला नवे लिहू द्यावे.