छातींतील कळ आणि घरचीं माणसें

सेवाग्रामचा आश्रम पाहिलेल्या वाचकांना तेथील बा-कुटी आठवत असेल. त्या लहानशा निवासांतून कस्तुरबा १९४२ सालीं मुंबईस निघाल्या, त्या परत आल्या नाहींत. पुण्याच्या आगाखान महालांतील स्थानबद्धतेंत त्यांच्या हृदयाचें दुखणें बळावत गेलें. उशाशीं डॉ. सुशीला नय्यर होत्या, हृदयरोगाचे जाणते डॉ. गिल्डर होते, पुढें निसर्गोपचारक दिनशा मेहता आले, वैद्य शिव शर्मा आले. शर्माजींना रात्रीं आंत राहण्याची परवानगी मिळेना, म्हणून त्यांनीं दाराबाहेर मोटारींत झोपून रात्री काढल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं बा गेल्या. तीन पद्धतींचे वैद्य झटले. परंतु हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी करण्याची विद्या त्या काळीं जगांत कोणापाशींच नव्हती.

ती विद्या नंतर आली. १९६७ मध्यें अमेरिकेंत फावालोरो यांनीं पायांतील शीर घेऊन हृदयाच्या रक्ताला नवी वाट करून दिली. १९७७ मध्यें झुरिक येथें ग्रुंत्सिग यांनीं बारीक फुग्यानें वाहिनी आंतून रुंद केली. बायपास आणि अँजिओप्लास्टी हीं नांवें आज आपल्या स्वयंपाकघरांतही बोललीं जातात. मात्र हे दोन्ही उपचार होऊनही कांहीं रोग्यांची कळ जात नाहीं, याची कल्पना फार थोड्यांना असते.

आर्वीचे आमचे थोरले काका अशांपैकीं एक. बायपास झाली, पुढें दोन वेळां फुगा झाला, तरी अंगण ओलांडतांच छातीवर जातें ठेवल्यासारखें होई. एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत त्यांचीं चित्रें पाहून, "आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं," असें सांगण्यांत आलें. बोलणाऱ्याचा अर्थ एवढाच कीं, जोडण्याजोगी किंवा रुंद करण्याजोगी वाहिनी उरली नाहीं. पण तें वाक्य घरीं पोंचेपर्यंत त्याचा अर्थ 'दिवस भरले' असा झाला होता. मग जिना बंद, देवळाची फेरी बंद, नातवंडांना ओरडण्याची बंदी. काकू रात्रभर श्वास मोजीत बसत. महिन्याभरानें काकाच म्हणाले, "विनोबांनींही शेवटीं औषध टाकलेंच ना? मीही टाकतों."

वर्धा जिल्ह्यांत या वाक्याला उत्तर देणें सोपें नाहीं. नोव्हेंबर १९८२ मध्यें हृदयाचा झटका आल्यावर विनोबांनीं अन्न व औषध वर्ज्य केलें आणि १५ तारखेस पवनारला देह ठेवला. पण ते ८७ वर्षांचे होते आणि आपण मृत्यूच्या दारांत उभे आहोंत, असें त्यांनीं विचारपूर्वक ठरविलें होतें. आमचे काका त्या दारांत उभे नव्हतेच. कोणीतरी त्यांना तेथें नेऊन उभें केलें होतें. अमेरिकेंतील मिनियापोलिस येथें अशाच, नवी वाट काढतां न येणाऱ्या सुमारें १,२०० रोग्यांची नोंद वर्षानुवर्षें ठेवली गेली. पहिल्या वर्षांत शंभरांतील चारांच्या आसपास दगावले; नऊ वर्षांनंतरही शंभरांतील सत्तरांहून अधिक हयात होते. म्हणजे प्रश्न मरणाचा कमी आणि जगण्याचा जास्त असतो.

दुसऱ्या एका तज्ज्ञांनीं प्रथम नवें औषध दिलेंच नाहीं. त्यांनीं रक्त तपासलें. हिमोग्लोबिन ९ च्या खालीं निघालें! रक्त पातळ असलें कीं हृदयाला दुप्पट राबावें लागतें, ही गोष्ट साधी, पण वाहिन्यांच्या चित्रांत ती दिसत नाहीं. थायरॉइड, रक्तदाब, नाडीची गति, झोपेंत श्वास अडकणें, हेंही पाहिलें. मग गोळ्यांच्या वेळा बदलल्या. नायट्रेट जातीचें औषध अष्टौप्रहर पोटांत राहिलें तर शरीर त्याला सरावतें व गुण येईनासा होतो. म्हणून दिवसांतील दहा-बारा तास त्यावांचून जाऊं द्यावे लागतात. आमच्याकडे तें सकाळ-संध्याकाळ अगदीं नेमानें चाललें होतें. नेम चुकला नव्हता, नेमच चुकीचा होता. (याच जातीच्या नायट्रोग्लिसरिनपासून सुरुंगाची दारू करणाऱ्या नोबेललाही १८९६ मध्यें वैद्यांनीं तेंच औषध सांगितलें होतें.)

जिभेखालच्या गोळीविषयीं तर घरोघर गैरसमज. ती कळ आल्यावरच घ्यावयाची असें नाहीं. वैद्यांच्या सल्ल्यानें चालण्यापूर्वीं पांच-दहा मिनिटें, बसून, घेतां येते. उभ्यानें घेतल्यास घेरी येते, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला असतां अंगांतलें पाणी आटलेलें असल्यास हमखास येते. भरल्या पोटीं श्रम, गार वाऱ्यांत चालणें, भांडण, हीं कळेचीं ठरलेलीं निमित्तें होत.

याहून पुढचे उपायही आहेत. रॅनोलाझिन, आयव्हाब्रॅडिन, निकोरँडिल हीं औषधें आहेत. पाय व मांड्यांना पट्टे बांधून हृदयाच्या विसाव्याच्या क्षणीं ते फुगविण्याचा उपचार आहे. रोज एक तास, अशा ३५ बैठका. हृदयांतून परतणाऱ्या शिरेंत डमरूच्या आकाराची जाळी बसविण्याचा एक प्रयोग लंडनच्या वैद्यांनीं २०२४ मध्यें प्रसिद्ध केला. ५१ रोग्यांत कळेचे प्रसंग कमी झाले, मात्र हृदयाचा रक्तपुरवठा वाढल्याचें दिसलें नाहीं. शिरेंतून द्रव सोडून 'वाहिन्या धुऊन काढूं' म्हणणाऱ्यांच्या जाहिरातींवर पैसा घालविण्यापूर्वीं मात्र आपल्या हृदयवैद्यांना विचारावें.

एवढें मात्र घरांतील प्रत्येकाला, शाळकरी नातवालाही, ठाऊक हवें: नेहमीपेक्षां निराळी कळ, स्वस्थ बसलें असतां आलेली कळ, किंवा गोळी घेऊन पांच मिनिटांत न ओसरलेली कळ आली तर १०८ ला दूरध्वनि करावा. वडिलधाऱ्यांना विचारण्यांत वेळ घालवूं नये.

काकांची कळ गेलेली नाहीं. सकाळीं आठाच्या आंत, गोळी ठेवून, ते बाजाराच्या वाटेला लागतात. तिसऱ्या खांबापाशीं ती येते, हें त्यांना ठाऊक आहे. तेथील शिंप्याच्या ओट्यावर ते बसतात, वर्तमानपत्राचें पहिलें पान वाचतात, आणि मग पुढें जातात. काकू प्रथम मागोमाग नातवाला पाठवीत. गेल्या दिवाळीपासून पाठवीत नाहींत.