वेबसाइटवर आलेली चौकशी जाते कुठे?



समजा, वसई पूर्वेला वालीव किंवा गोखिवऱ्यात तुमचा छोटा गाळा आहे. वेबसाइट केलीत, त्यावर चौकशीचा फॉर्म ठेवलात. गिऱ्हाईक फॉर्म भरतं, त्याला ‘धन्यवाद’ दिसतं, पण तुमच्या इनबॉक्समध्ये काहीच येत नाही. दोन दिवस वाट बघून ते ऑर्डर दुसरीकडे देतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही!

असं का होतं? बऱ्याच छोट्या वेबसाइट पीएचपीवर चालतात. पीएचपीत ‘मेल’ नावाचं फंक्शन आहे, पण पीएचपी स्वतः पोस्टमन नाही. ते फक्त सर्व्हरवरच्या मेल प्रोग्रामकडे पत्र सोपवतं. म्हणजे ‘धन्यवाद’ दिसलं की पत्र पेटीत पडलं, एवढंच समजायचं. पोचलं की नाही, ते वेगळं.

मग काय करायचं?

१. एसएमटीपी वापरा. पीएचपीमेलर ही मोफत लायब्ररी घ्या. त्यात सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७, युजरनेम आणि पासवर्ड भरा. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा.

२. ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता टाकू नका. तिथे तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा. गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये द्या. नाहीतर मेल खोटा समजून स्पॅममध्ये जातो. ही चूक फार जण करतात.

३. डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातली किमान एक नोंद हवीच. तुम्ही दोन्ही करा. होस्टिंगवाल्याला सांगितलंत तर तोही करून देईल.

४. प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा. मेल चुकला तरी गिऱ्हाइकाचा नंबर हातात राहतो.

एक लक्षात ठेवा, घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्पमध्ये मेल गेला नाही तर घाबरू नका. तिथे मेलची सेटिंग आपल्यालाच करावी लागते.

आता एक काम करा. स्वतःच्या वेबसाइटवर जा, गिऱ्हाईक बनून फॉर्म भरा आणि घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांत मेल आला नाही तर आधी स्पॅम तपासा, मग वरची यादी घ्या. दर सोमवारी गाळा उघडला की हीच चाचणी करायची. दुकानाचं शटर आपण रोज बघतो ना? मग हे शटरही बघायला हवं!