न येणाऱ्यांची यादी

आमच्या ऑफिसच्या दोन वर्षांपूर्वीच्या सहलीचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. झाडाखाली एक मुलगा बसलाय आणि त्याच्याभोवती चाळीसेक बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि बुटांचा ढीग पडलाय. फोटो मीच काढला होता. ऑफिसच्या ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं होतं, 'आमचे सिक्युरिटी हेड!' त्यावर भराभर हसरे चेहरे आले. त्यानंही एक टाकला, म्हणून विषय माझ्या डोक्यातून गेला.

तो मुलगा टेस्टिंग टीममधला. लहानपणीच्या आजारपणामुळे त्याचा एक पाय अधू आहे. त्या दिवशी आम्ही रस्सीखेच, दोरीचा पूल, पोत्यांची शर्यत असे खेळ ठेवले होते. सगळे खेळत होते आणि तो सहा तास सामान राखत बसला होता. कार्यक्रमाचं नाव होतं 'टीम बिल्डिंग'.

गेल्या वर्षी हा कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी इंदूरचाच, रामबागेत वाढलेला. बीई झालो आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या आमच्या ऑफिसात २१२ माणसं. एवढ्या लोकांची सहल म्हणजे एक एक्सेल शीट आणि चार बस, असा माझा समज होता. जागाही मनात पक्की होती. पाताळपाणीचा ट्रेक, धबधब्याजवळ खेळ आणि रात्री उशिरा परत. तारीखही हुशारीनं काढली. गणेश चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार, म्हणजे घरच्या गणपतीत कुणाची अडचण नको.

सगळ्यांना फॉर्म पाठवला. १७६ जण 'येणार', २३ जण 'येणार नाही' आणि १३ जणांचं उत्तरच नाही. मला वाटलं, छान प्रतिसाद आहे. मग 'येणार नाही'ची कारणं वाचायला घेतली. टेस्टिंगमधल्या त्या मुलानं एकच ओळ लिहिली होती, 'बॅगा सांभाळायला या वेळी दुसरं कोणी बघा.'

त्या रात्री जेवण गेलं नाही.

काकांचा हिशेब

आमचे काका आता पंचाहत्तरीचे आहेत. मोहल्ल्यातल्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची व्यवस्था त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. चारशे-पाचशे पानं उठायची आणि काका हातात एक जुनी वही घेऊन फिरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं, फोटोसकट.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किती जण येणार ते सगळेच मोजतात रे. आम्ही वहीत दुसरं पान ठेवायचो. कोण येणार नाही आणि का नाही. कुणाला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, तर त्याला पाट नको, टेबल लावा. कुणाच्या घरी सुतक आहे, त्यांना नंतर विचारा. कुणाचं मागच्या वर्षी वाढप्याशी वाजलं, त्याच्या घरी स्वतः जाऊन या. जे येणारच आहेत, त्यांचं तू काय वेगळं करणार?"

निघताना म्हणाले, "आणि त्या पोराला आधी फोन कर. बाकीचं नंतर."

फोन केला. माफी मागितली. तो पटकन म्हणाला, "ठीक है भैया." थोडं थांबून म्हणाला, "पण खेळ काय आहेत ते आधी सांगा. तिथं आल्यावर कळतं, तेव्हा मग बसावंच लागतं."

एवढं साधं होतं ते. खेळ आधी सांगायला हवेत, हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

छत्तीस फोन

मग 'येणार नाही' म्हणणारे २३ आणि उत्तर न देणारे १३, अशा ३६ जणांशी बोललो. चार संध्याकाळी गेल्या.

माझी हुशारीची तारीख पहिल्या दिवशीच कोसळली. चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे श्वेतांबर जैनांचं पर्युषण. आमच्याकडच्या पाच जणांचे त्या दिवसांत उपवास असतात. माझा सण सांभाळताना शेजारच्या टेबलावरच्याचा सण मला दिसलाच नव्हता.

दोघींना दिवस गेलेले, एकीचं बाळ आठ महिन्यांचं. एकाच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय आणि संध्याकाळी सहानंतर त्यांच्याजवळ बसायला कुणी नाही. दोघी-तिघींनी सांगितलं की, रात्री उशिरा परतायचं असेल तर घरी परवानगी मिळणार नाही आणि त्यावरून घरी वाद घालण्याची त्यांची इच्छा नाही. तीन मुलं नुकतीच नोकरीला लागलेली. त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून दिवसभर एकटं फिरण्यापेक्षा ती घरीच बसणार होती. एकानं स्पष्ट सांगितलं, "मला असे कार्यक्रम आवडत नाहीत." त्याचं नाव मी यादीतून आनंदानं काढलं. ऑफिसच्या सहलीला न येण्याचा हक्क माणसाला असायला हवा आणि त्याची नोंद कुठेही होता कामा नये.

पाताळपाणीबद्दल एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "२०११ विसरलात?" त्या वर्षी जुलैमध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली होती. वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. पावसाळ्यात दीडशे-दोनशे माणसं तिथे न्यायची आणि प्रत्येकावर लक्ष ठेवायचं, हे मला जमणारं नव्हतं. पाताळपाणी रद्द केलं.

नवा आराखडा

तारीख दसरा आणि दिवाळीच्या मधल्या शुक्रवारची ठरली. शनिवार मुद्दाम टाळला. कंपनीचा कार्यक्रम असेल, तर कंपनीच्या वेळेतला दिवस जावा, घरच्यांच्या वाट्याचा कशाला? जागा खंडवा रोडवरची एक बाग घेतली. पाण्याचा काठ नाही, सपाट जमीन आणि अख्खा दिवस सावली. ठरवण्याआधी मी स्वतः तिथे गेलो आणि काकांच्या सांगण्यावरून आधी स्वच्छतागृहं पाहिली. पायऱ्या न चढता जाता येईल असं एक आहे का, नळाला पाणी आहे का, दाराला कडी आहे का. जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, तेही गाडी चालवून पाहिलं.

पाण्याचा हिशेब माणशी तीन लिटर धरला. ड्रायव्हर, सफाई कर्मचारी, नर्स असे सगळे मिळून २०० माणसं, म्हणजे ६०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे ३० कॅन. कंदमुळं नसलेलं जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसह. ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळचं खाणं पाचला. चौविहार पाळणाऱ्यांची सोय झाली आणि साडेपाचला निघाल्यामुळे घरी परवानगीचा प्रश्नही सुटला. अर्धांगवायू झालेल्या वडिलांच्या मुलासाठी चार वाजता एक गाडी परत पाठवली. त्या गाडीत आणखी पाच जण बसले. गरज त्यांनाही होती, फक्त कुणी बोललं नव्हतं.

दोर आणि लाडू

खेळांचा विचार करताना माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे प्रयोग वाचनात आले. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच दोराला जितकी जास्त माणसं लावावीत, तितका प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. आठ जण झाले की, माणूस एकट्यानं जेवढा ओढतो त्याच्या जवळपास निम्माच जोर लावतो. एक तर सगळ्यांचा झटका एका वेळी बसत नाही आणि दुसरं म्हणजे, 'मी सोडलं तरी कुणाला कळतंय?' म्हणजे मोठ्या गटात माणूस नुसता बाजूलाच पडत नाही, तो आपणहून मागेही सरतो.

म्हणून 'सगळे मिळून एक खेळ' हा प्रकारच काढून टाकला. १९१ जण नक्की झाले होते. त्यांचे १९ गट केले. एका गटात दहा, फक्त एका गटात अकरा. प्रत्येक गटात वेगवेगळ्या टीमची माणसं आणि नव्या तिघांपैकी प्रत्येकाला वेगळा गट. यादी आठवडाभर आधी पाठवली, खेळांची माहितीही त्यातच.

मुख्य खेळ होता 'मार्शमेलो चॅलेंज'. पीटर स्किलमननं काढलेला हा खेळ टॉम व्यूजेकच्या २०१० च्या भाषणामुळे जगभर पोहोचला. स्पॅगेटीच्या २० कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि १८ मिनिटं. यातून मनोरा उभा करायचा आणि टोकावर मार्शमेलो टिकला पाहिजे. व्यूजेक सांगतो की, बालवाडीतली मुलं या खेळात एमबीए झालेल्यांना मागे टाकतात. मोठी माणसं सतरा मिनिटं आखणी करतात आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो वर ठेवतात. मनोरा वाकतो. मुलं पहिल्यापासून मार्शमेलो लावून बघत असतात.

मार्शमेलोत बहुधा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटीन असतं, हे एका जैन सहकाऱ्यानं वेळेवर सांगितलं. आम्ही राजगिऱ्याचे छोटे लाडू आणले. ते जड, म्हणून काड्या ३० केल्या.

तो दिवस

साडेदहाला वीज गेली आणि माईक बंद पडला. दोन वर्षांपूर्वी अशा वेळी गोंधळ उडाला असता. या वेळी १९ गटप्रमुखांना सगळं माहीत होतं. मला ओरडावंच लागलं नाही.

टेस्टिंगचा तो मुलगा आला होता. मी लांबून बघत होतो. त्याच्या गटातल्या एका मॅनेजरसाहेबांनी कागदावर मनोऱ्याचं चित्र काढायला घेतलं. हा म्हणाला, "लाडू आधी लावून बघू." कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं सरळ लाडू उचलला आणि अर्ध्या मनोऱ्यावर ठेवला. मनोरा कोसळला. साहेब चिडले. हाही चिडला. "सर, आत्ता पडला म्हणून बरं. अजून नऊ मिनिटं आहेत."

रोज ऑफिसात तो हेच सांगतो आणि रोज आम्ही त्याला 'नंतर बघू' म्हणतो, हे मला तिथे उमगलं. शेवटी १९ पैकी ११ मनोरे उभे राहिले. त्याच्या गटाचा चौथा आला. बक्षीस पहिल्या तिघांनाच होतं. एक इंच कमी मोजलं, म्हणून तो माझ्याशी पाच मिनिटं भांडला. ते भांडण मला फार बरं वाटलं.

सगळं साधलं असं नाही. सपोर्टचे आठ जण ऑफिसात राहिले. त्यांना जेवण पाठवलं, पण डबा पाठवणं म्हणजे सहल नव्हे. या वर्षी त्यांच्यासाठी पाळी लावायची आहे.

निघताना गटप्रमुखांनी आपापली माणसं मोजली. शेवटच्या बसमध्ये मोजणी मी केली. एक माणूस कमी. पुन्हा मोजलं, तरी एक कमीच. पोटात गोळा आला. मागून कुणीतरी म्हणालं, "भैया, स्वतःला मोजलं का?" अख्खी बस हसली. दहावा तूच आहेस ही गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली होती, तरी माझ्याच बाबतीत घडली.

सामानासाठी आम्ही एक खोली घेतली होती. बॅगेला नंबरचं टोकन आणि बागेचा एक माणूस राखायला. त्याचं जेवण आमच्याच पंगतीत. परत निघताना तो मुलगा टोकन पुढे करून म्हणाला, "चौसष्ट नंबर." बॅग घेतली आणि बसमध्ये चढला. एवढंच.

हे सगळं इथे लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्या मंडळाच्या सहली, कोजागरी, हळदीकुंकू आता आपल्या पिढीच्या हातात येत आहेत. ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असं विचारून आपण अंगठे मोजतो आणि मोकळे होतो. ज्यांनी अंगठा दिला नाही, त्यातल्या दोघा-चौघांना या वेळी फोन करून बघा. काही जणांना खरंच यायचं नसेल. पण एखाद्या आजीला फक्त दुसऱ्या मजल्याचा जिना नको असेल.

रात्री काकांना फोन केला आणि सगळं छान झालं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "सगळ्यांत शेवटी कोण जेवलं?"

"बसचे ड्रायव्हर आणि मी."

"अन्न गरम होतं?"

"होतं."

"मग ठीक," काका म्हणाले आणि फोन ठेवला.