‘बदल झाला तर कळवतीलच की!’

छोट्या कारखानदारांच्या आणि दुकानदारांच्या तोंडी हे वाक्य सर्रास ऐकू येतं. कळवणार कोण, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. कायद्यातला बदल राजपत्रात छापून आला की तो सगळ्यांना ठाऊक आहे, असंच कायदा धरून चालतो. मालकाच्या नावानं वेगळं पत्र येत नाही. ठरलेल्या तारखेपासून जुना हिशोब चुकीचा ठरतो आणि त्याची पहिली झळ बसते ती कामगाराला. म्हणूनच नेहमी कानावर येणारे काही समज इथे तपासले आहेत.

‘आमचा कन्सल्टंट सगळं बघतो.’

कन्सल्टंट रिटर्न भरतो, चलन काढतो. पण चूक झाली तर नोटीस मालकाच्याच नावानं निघते. साधी सॅलरी स्लिप घ्या. पॅकिंग विभागातली एखादी महिला, पगार २२,००० रुपये. कपातीच्या रकान्यात ‘पी.टी. २००’, फेब्रुवारीत ३००. वरवर पाहता यात काहीच खटकत नाही. पण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे. त्याआधी ही मर्यादा १०,००० होती. पगाराच्या सॉफ्टवेअरमधला जुना आकडा कुणी बदललाच नाही, तर त्या बाईचे वर्षाला २,५०० रुपये विनाकारण जात राहतात. यात कुणाची लबाडी नसते. कन्सल्टंटला वाटतं ऑफिसनं बदललं असेल, ऑफिसला वाटतं कन्सल्टंटनं. दर तीन महिन्यांनी दोघांनी समोरासमोर बसून एक पगारपत्रक ओळीनं वाचलं, तर अशा चुका तिथल्या तिथे सापडतात.

‘किमान वेतन पाच वर्षांतून एकदा बदलतं.’

हा अर्धवट माहितीतून आलेला समज आहे. मूळ दरांचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांनी करायचा, ही कायद्यातली तरतूद. पण महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता मिळत आला आहे आणि तो महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर असा जाहीर होत आला आहे. मालक दिवाळीत पगार वाढवतो, तेव्हा तो किमान वेतनाच्या थोडा वर असतो. नवा भत्ता लागू झाला की तोच पगार खाली जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फरकाची रक्कम महिन्यागणिक साचत जाते आणि कामगारानं दावा केला की एकदम समोर येते.

मला याहून जास्त खुपते ती वर्गवारी. मदतनीस म्हणून लागलेला मुलगा तीन-चार वर्षांत लेथ चालवायला शिकतो, पण हजेरीपुस्तकात तो ‘अकुशल’ तो अकुशलच राहतो. काम कुशल कामगाराचं आणि दर मदतनिसाचा, हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे. नवा दर पाहताना नावासमोरची वर्गवारीही तपासायला हवी.

‘वीसच्या आत माणसं आहेत, आता आम्हाला काहीच लागू नाही.’

महाराष्ट्रानं २०२५ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली, त्यानंतर हा समज फार पसरला. गुमास्त्याची कटकट गेली म्हणजे सगळंच गेलं, असं अनेकांनी धरलं. बदलली ती एका कायद्याची मर्यादा. एकच माणूस कामाला असला तरी किमान वेतन द्यावंच लागतं. ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि प्रसूती रजेची मर्यादा दहाच आहे. म्हणजे बारा माणसांच्या दुकानात सहा वर्षं काम करून सोडून जाणाऱ्या सेल्समनची ग्रॅच्युइटी मालकाला आजही चुकत नाही.

‘नव्या कामगार संहिता आल्या, जुनं सगळं रद्द.’

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. राज्याचे व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, दुकाने व आस्थापना हे कायदे वेगळे आहेत, ते तसेच चालू आहेत. शिवाय नवे नियम पूर्णपणे येईपर्यंत, संहितेशी विसंगत नसलेले जुने नियमही चालतात. त्यामुळे जुनी रजिस्टरं रद्दीत घालायची घाई नको.

खरा बदल झाला आहे तो अनेकांच्या रोजच्या सवयींत. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही जवळपास प्रत्येक ऑफिसातली रीत. वेतन संहितेनुसार माणसाला काढलं असो की त्यानं स्वतः राजीनामा दिला असो, त्याचं थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. नोकरी सुटलेल्या माणसाला घरभाडं भरायला दीड महिना वाट पाहायला लावणं कधीच योग्य नव्हतं, आता ते बेकायदाही आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट उरलेली नाही, एक वर्षाच्या सेवेनंतर तो हक्कदार होतो. मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे ठेवण्याची पद्धतही आता फारशी उपयोगाची नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

‘आमच्याकडे तक्रारच नाही, मग समिती कशाला?’

लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा संहितांत विलीन झालेला नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, मग तक्रार असो वा नसो. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यात न्यायालयानं मे २०२३ मध्ये या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर बोट ठेवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा पातळीपर्यंत सविस्तर निर्देश दिले. अनेक ठिकाणी भिंतीवर समितीचा फलक असतो, पण त्यावरच्या दोन बायका केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या असतात. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, त्यामुळे फलकावरची तारीखही पाहावी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची, किंवा थेट मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते आणि त्या समितीचा पत्ता कामावरच्या बायकांना माहीत असायला हवा.

‘ती कंत्राटदाराची माणसं, त्यांचं तो बघेल.’

कंत्राटदारानं वेतन दिलं नाही, तर ते मूळ मालकाला द्यावं लागतं आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावं लागतं. पीएफ आणि ईएसआयची जबाबदारीही शेवटी मूळ मालकावरच येते. त्यामुळे कंत्राटदाराचं बिल पास करण्यापूर्वी त्या महिन्याचं चलन आणि त्यासोबतची नावांची यादी मागून घ्यावी आणि गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहावी. चलन भरलेलं असतं, पण यादीत आठ नावं आणि गेटवर अकरा माणसं, असं आढळलं तर बिल तिथेच थांबवावं.