फुप्फुसाच्या वाटेवरचा दाब

सातपुड्यात चढ कुणालाच चुकत नाही. त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या पाड्यावरचा सिकलसेलचा पेशंट ‘दम लागतो’ म्हणाला, की रक्त कमी आहे म्हणून लागत असेल, असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही जणांत दुखणं वेगळंच असतं. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड संपवत राहतं. वाहिन्या आवळल्या जातात, फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढतो आणि हृदयाचा उजवा भाग थकू लागतो.

हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, त्याचा अंदाज येतो, पण तो अंदाजच. फ्रान्समधल्या 398 सिकलसेल रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. इकोने त्यांतल्या 27 टक्के जणांबद्दल शंका दाखवली. कॅथेटर घालून मोजल्यावर आजार पक्का ठरला तो सुमारे 6 टक्क्यांतच.

कॅथेटर म्हणजे शिरेतून आत सरकवायची बारीक, लवचीक नळी. 1929 मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने ती स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नेली आणि तशीच घेऊन तो एक्स-रे काढायला चालत गेला. 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. 1970 मध्ये स्वान आणि गान्झ यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा बसवला. रक्ताच्या ओढीने तो नळीला थेट फुप्फुसाच्या धमनीत घेऊन जातो.

नेहमीच्या पद्धतीत नळीत सलाइन भरलेलं असतं आणि दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर बाहेर, पलंगाशेजारी असतो. तो हृदयाच्या पातळीला लावून ‘झिरो’ करावा लागतो. हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा सुमारे 7 मिलिमीटर (पारा) जास्त येतो. दंडाच्या 120 मध्ये 7 ची चूक खपून जाईल. फुप्फुसाच्या धमनीत मात्र सरासरी दाब 14 च्या आसपास असतो आणि 20 च्या वर गेला की आजार मानतात. म्हणजे निरोगी माणूस तेवढ्या चुकीने आजारी ठरू शकतो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तरी पडद्यावरची लाट बोथट होते. म्हणून तंत्रज्ञ नळीवर टिचक्या मारून बुडबुडे काढतात.

यावर उपाय म्हणजे सेन्सरच टोकावर बसवणं. सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने किंचित वाकतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. हा गुण 1954 मध्ये चार्ल्स स्मिथ यांनी दाखवून दिला होता. काही सेन्सरमध्ये पडद्याची हालचाल काचतंतूतला प्रकाश टिपतो. मध्ये सलाइनचा स्तंभ नाही, त्यामुळे बुडबुड्याची भानगडही नाही. पण असे सेन्सर महाग आणि नाजूक असतात.

नर्मदाकाठच्या काही पाड्यांवरून पेशंटला आजही बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. एवढ्या कष्टाने आलेल्या माणसाला आकडा बरोबरच मिळायला हवा. 2023 मध्ये सिकलसेलची राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली. तपासणीत आजार निघालेल्या प्रत्येकाला ‘चढावर पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का?’ हेही विचारलं पाहिजे. उत्तर ‘हो’ आलं तर इको करावा आणि शंका उरली तरच कॅथेटर. त्या प्रश्नाला ना यंत्र लागतं, ना वीज.