उकिरड्यातला सोफोक्लीस

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटके लिहिली. पूर्ण उरली ती सातच. मग नवे काही सापडते कुठे? इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाच्या उकिरड्यात! ऑक्सफर्डच्या ग्रेनफेल आणि हंट या दोघा अभ्यासकांनी १८९६च्या हिवाळ्यात तिथे खणायला घेतले. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, कपटे कुजले नव्हते. त्यांत सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या हलक्याफुलक्या नाटकाच्या सुमारे चारशे तुटक्या ओळी निघाल्या, ग्रीक कवयित्री सॅफोच्या कवितांचे तुकडेही निघाले. १८९८पासून या मजकुराचे ऐंशीहून अधिक खंड छापून झालेत, तरी बरेच कपटे अजून वाचायचे आहेत.

पण बहुतेक कपटे साहित्याचे नाहीतच. करपावत्या, भाडेकरार, अर्ज, घरची पत्रे. मला तरी खरी मौज यातच वाटते. रोमन अमलातला थेऑन नावाचा एक मुलगा वडिलांवर रुसला आहे: मला अलेक्झांड्रियाला नेले नाही, आता बोलावून घेतले नाही तर जेवणार नाही, पाणीही पिणार नाही! पत्र अशुद्ध ग्रीकमध्ये आहे, आणि भाषाभ्यासकांना हवे असते तेच. पोरे कानाला ऐकू येते तसे लिहितात. त्या चुकांवरून तेव्हा कोणते स्वर एकसारखे उच्चारले जाऊ लागले होते, ते कळते.