तेलावर तोललेला बूम

कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ या पट्ट्यात उसाला पाणी भरपूर मिळालं, पण काळ्या रानातून त्या पाण्याचा निचरा झाला नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठची बरीच जमीन त्यामुळे क्षारपड झाली. ती पुन्हा पिकाखाली आणायची तर जमिनीत छिद्रांचे पाइप पुरावे लागतात. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. छोट्या रानातली चर खोदायला, पाइपलाइन उकरायला किंवा बांधाकडेचा ओढा साफ करायला ट्रॅक्टरला मागं जोडलेला बॅकहो सोयीचा पडतो. चर खोदून झाली की माणसं पाइपाचा उतार जमवायला खाली उतरतात आणि बकेट वर धरलेली असते. लिव्हर मध्यावर असताना, इंजिन बंद असतानाही काही मशीनचा बूम, म्हणजे बकेट पेलणारा लांब हात, हळूहळू खाली बसू लागतो. बहुतेकांना हा किरकोळ दोष वाटतो. मला तो या यंत्रातला सर्वांत गंभीर दोष वाटतो, कारण त्याखाली माणूस असतो.

वर उचललेल्या बूमला लोखंडाचा आधार नसतो. तो सिलिंडरमध्ये, म्हणजे मिस्त्रींच्या जॅकमध्ये, कोंडलेल्या तेलावर उभा असतो. आत 80 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस सेंटीमीटर भरतं. म्हणजे फक्त 50 मिलिलिटर तेल निसटलं की रॉड एक सेंटीमीटर सरकतो. बूम लांब आणि जॅक त्याच्या बुडाशी, त्यामुळे बकेटचं टोक त्याच्या कितीतरी पट खाली येतं. सेकंदाला एक थेंब एवढी गळतीही तासाभरात रॉड तीन-साडेतीन सेंटीमीटर हलवते.

तेल कोंडून धरण्याची अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यानं 1795 साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी फुटायचं. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ली यानं त्यावर चामड्याची वाटीसारखी वळवलेली कडी बसवली, असं मानलं जातं. आतला दाब वाढेल तशी तिची कड भिंतीवर अधिक घट्ट बसते. आजच्या नायट्राइल आणि पॉलियुरेथेनच्या सीलांमागं हीच युक्ती आहे. मात्र ती कड शाबूत आणि भिंत गुळगुळीत असेल, तरच ती चालते.

बूम बसला की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो, ‘जॅकचं सील किट टाका.’ पुष्कळदा तो पैसा वाया जातो. ओझं रॉडला आत ढकलत असेल तर पिस्टनचं सील पार फाटलं, तरी एकट्या त्या कारणानं बूम पूर्ण खाली येऊ शकत नाही. बुडाकडचं तेल पिस्टन ओलांडून रॉडच्या बाजूला जातं, पण तिथली बरीच जागा रॉडनंच व्यापलेली असते. उरलेल्या तेलाला बाहेर जायला वाट नसेल, तर रॉड थोडा सरकून थांबतो. दाब मात्र भलताच वाढतो. रॉड 45 मिलिमीटरचा आणि ओझं एक टन धरलं, तर एका चौरस सेंटीमीटरवर 20 किलोच्या जागी 63 किलो. तरीही बाहेर कुठं गळती नसताना बूम खाली येतच राहिला, तर तेल व्हॉल्वमधून टाकीत परततंय हे नक्की. ओझं रॉडला बाहेर ओढत असेल, तर हिशोब उलटतो. तिथं फाटलेलं सील एकटंही बूम खाली आणू शकतं.

व्हॉल्वमधला स्पूल, म्हणजे लिव्हरनं सरकणारा दांडा, रबरावर नाही, लोखंडात लोखंड नेमकं बसवून तेल अडवतो. दोन्हींमधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा बरीच बारीक असते. तेलातली बारीक रेती तिथं शिरली की खरवडत राहते आणि ती फट पुन्हा भरत नाही. स्पूलच्या टोकाच्या ओरिंगा फक्त बाहेरची गळती थांबवतात, त्यामुळे त्या बदलून बूम बसायचा थांबत नाही. बूमच्या लाइनवरच्या, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्वमध्ये कचऱ्याचा कण अडकूनही तेल परत जातं. तो व्हॉल्व काढून साफ करणं किट टाकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. उचलायला लिव्हर ओढताच बूम आधी किंचित खाली जाऊन मग वर जात असेल, तर दोष तेल उलट जाऊ न देणाऱ्या लोड चेक व्हॉल्वचा आहे. तो आजार वेगळा, त्याचा उपायही वेगळा.

म्हणून आधी दोष कुठं आहे ते शोधा. तेल गरम असताना रिकामी बकेट मोकळ्या जागी उचला, रॉडवर चिकटपट्टीची खूण करा, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी रॉड किती सरकला ते मोजा. किती चालतं ते त्या मशीनच्या पुस्तकात असतं. नंतर बूमला भक्कम लोखंडी टेकू द्या आणि इंजिन बंद ठेवून लिव्हर हलवून दाब सोडा. पाइप सोडून जॅकची दोन्ही तोंडं दाब सोसणाऱ्या पोलादी बुचांनी बंद करा आणि टेकू जरासा खाली घ्या, काढू मात्र नका. आता बूम जागचा हलला नाही, तर दोष व्हॉल्वमध्ये. बूम टेकूवर येऊन बसला, तर जॅकमध्ये.

एक गोष्ट गोंधळात टाकते. 70 अंशांचं तेल रात्री 30 वर आलं, की एक मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ जवळजवळ तीन सेंटीमीटर आक्रसतो. सकाळी बकेट थोडी खाली दिसली, तर घाबरू नये. थंड झाल्यावर आक्रसणं थांबतं, गळती थांबत नाही.

आपल्या भागात मोठा शत्रू पाणी. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, तशी यंत्रंही गेली. टाकीच्या श्वासनळीतून पाणी शिरलं की तेल ताकासारखं पांढरट होतं. अशा वेळी पंप फिरवून बघू नका. आधी सगळं तेल काढा, टाकी धुवा, फिल्टर बदला. रॉडच्या क्रोमवर गंजाचा एक खड्डा पडला, तरी तो प्रत्येक फेरीला सील कापतो. म्हणून शक्य तेवढे रॉड आत घेऊनच मशीन उभं करा. पाइप सोडला की त्याच्या तोंडाला चिंधी कोंबायची सवय तर मोडायलाच हवी. स्वच्छ टोपण लावा. वेळेवर बदललेला फिल्टर हा बूम बसू न देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तेलही पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, कारण उन्हाळ्यात पातळ पडलेलं तेल स्पूलच्या त्याच फटीतून जास्त पळतं.

चर खोदायलाच मशीन वापरणार असाल, तर थेट जॅकवर बसणारा लॉक व्हॉल्व लावून घ्या. पाइप फुटला तरी तो तेल अडवतो. पण त्याच्याही भरवशावर बकेटखाली जाऊ नका. फुटलेल्या पाइपाची गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाची बारीक धार कातडीखाली शिरते. जखम सुईएवढी दिसली, तरी तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचा.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होईल, रानं मोकळी होतील आणि चरींची कामं निघतील. भाड्यानं मशीन बोलावणाऱ्या शेतकऱ्यांनो, दराची बोली करण्याआधी मालकाला ती दहा मिनिटांची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. आणि पाइप बसवायला माणसं चरीत उतरणार असतील, तर बकेट आधी बाजूला फिरवून जमिनीवर टेकवायला लावा.